सोबत सगळ्यांची, चाल ज्याची त्याची

डोंगर चढणाऱ्या कोणत्याही गटाचा खरा वेग शेवटचा माणूस ठरवतो. पुढचे कितीही झपाझप चढोत, ‘सगळे पोहोचले’ असं म्हणायला त्याची वाट पाहावीच लागते. तरीही आपल्याकडच्या बऱ्याच ट्रेकमध्ये या माणसाला दिवसभर एकच वाक्य ऐकवलं जातं: ‘चला, चला, आलंच आता, पाच मिनिटं.’ सह्याद्रीतली पाच मिनिटं किती लांबू शकतात हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तोवर पुढची मंडळी झाडाखाली सॅक टाकून बसलेली असतात. पाणी पिऊन, चिक्की खाऊन, फोटो काढून त्यांचं झालेलं असतं. शेवटचा धापा टाकत तिथं टेकतो आणि हे उठतात. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. पहिल्याच ट्रेकला असं झालेले कितीतरी जण पुन्हा डोंगराकडे फिरकत नाहीत आणि ‘हे आपलं काम नव्हे’ अशी समजूत करून घेतात.

आमच्या मंडळाच्या रविवारच्या भटकंतीची ही पुस्तिका मुख्यतः अशा लोकांसाठी आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून टेकडीवर जाऊ लागलेले, शाळेच्या सहलीनंतर गड न पाहिलेले, गुडघ्याची एक शस्त्रक्रिया झालेले, आठ वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊ इच्छिणारे आईबाप. पळत डोंगर चढणाऱ्यांनाही मज्जाव नाही. मात्र इथं त्यांना थांबावं लागतं, आणि ते त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांची परंपरा जुनी आहे. मुंबईची गिरिविहार 1954 सालची. पुण्याची गिरिप्रेमी 1982 मध्ये सुरू झाली आणि तीस वर्षांनी, 2012 मध्ये, तिच्या सदस्यांनी एव्हरेस्ट गाठलं. सुळके, कडे, हिमालयातल्या मोहिमा ही या परंपरेची उंच बाजू. दुसरी बाजू निव्वळ भटक्यांची. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड पायाखाली घातले, त्यावर ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, राजमाचीवर ‘माचीवरला बुधा’ घडवली. त्यांच्या वाचकांपैकी किती जणांनी पुस्तक मिटून थेट बूट शोधले असतील, कोण जाणे. अलीकडे त्यात तिसरा प्रकार आला: माणशी पैसे भरा, पहाटे बसमध्ये बसा, नाश्ता-जेवण-प्रमाणपत्र सगळं मिळेल. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. अनेकांची पहिली ओळख तशीच होते. पण तिथं तुम्ही गिऱ्हाईक असता. बसची परतीची वेळ ठरलेली असते आणि गिऱ्हाइकांना त्या वेळेत बसवण्यासाठी हाकावंच लागतं. मंडळात सगळे सदस्य. गाडीभाड्याची आणि जेवणाची काँट्री निघते, ती सारखी वाटली जाते, आणि पुढे चालणाऱ्याला त्या दिवसाचे कुणीही पैसे दिलेले नसतात. त्यामुळे त्याला घाई करण्याचं कारण उरत नाही, आणि तुम्हालाही त्याच्यावर डाफरण्याचा हक्क उरत नाही.

मग प्रश्न येतो: ज्याला आपल्याच चालीनं चालायचं आहे त्याला मंडळ हवं कशाला? एकट्यानं जावं की. माझं उत्तर असं आहे की एकट्यानं चालता यावं म्हणूनच सोबत लागते. एकटा माणूस अनोळखी डोंगरात गेला की त्याचं निम्मं लक्ष वाटेवर आणि उरलेलं काळजीवर असतं. हा फाटा बरोबर आहे ना, पाय मुरगळला तर, ढग उतरले तर, रेंज गेली तर. बाईमाणूस असेल तर काळजीची यादी आणखी लांबते आणि ती वाढवायला घरचेही मदत करतात. पुढे वीस पावलांवर किंवा दोन वळणांवर कुणीतरी आहे आणि मागे कुणीतरी येतंय, एवढं पक्कं असलं की मधली वाट तुमची होते. तिथं हवं तर बोला, नको तर गप्प राहा. फुलाशी वाका, टाक्यातल्या पाण्यात डोकवा, उगाच उभे राहा. आमच्या काही जुन्या सदस्यांनी वर्षानुवर्षं एकत्र भटकून एकमेकांशी फारसं बोलणं केलेलं नाही, आणि त्यांची मैत्री घट्ट आहे.

याला कुणी वारीचा दाखला देतं. मला तो पटत नाही. दिंडीत चाल सामुदायिक असते. टाळ, पखवाज, अभंग सगळ्यांच्या पायांना एका लयीत आणतात, आणि त्यातच तिचं बळ आहे. इथं लय ज्याची त्याची असते. वारीकडून घ्यायचा तर विसावा घ्यावा: ठरलेल्या ठिकाणी सगळ्यांनी थांबायचं आणि सगळे आल्याशिवाय निघायचं नाही.

त्या विसाव्यांवरच आमची सगळी व्यवस्था उभी आहे. ती साधी आहे, पण ढिली नाही. पुढे एक वाट माहीत असलेला असतो, मागे एक. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही आणि मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. या दोघांच्या मध्ये कुणी कितीही रेंगाळावं. मागे चालण्याचं काम अनेकांना कमीपणाचं वाटतं; आम्ही ते सगळ्यात अनुभवी माणसाला देतो, कारण अडचण आली तर बहुतेक वेळा तिथंच येते. वाटेला फाटा फुटला की जो पहिला तिथं पोहोचेल त्यानं थांबायचं. पाठीमागचा दिसला की त्याला हातानं वाट दाखवायची, थांबण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं आणि मग पुढे जायचं. अशा रीतीनं फाटा कधीच मोकळा राहत नाही. खडूनं बाण काढणं, फांद्या मोडून ठेवणं यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं, शिवाय डोंगर घाण होत नाही. ढोरवाटा हा सह्याद्रीतला मोठा चकवा आहे. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा रुंद आणि ठसठशीत दिसते, आणि थोड्या वेळानं एखाद्या गवताळ पदरावर अलगद विरून जाते. आपल्याच तंद्रीत चालणाऱ्याला ती हमखास ओढते.

विसाव्याला डोकी मोजायची. मोजून झाल्यावर घड्याळ लावायचं ते शेवटचा बसल्यापासून. हा एक नियम पाळला की बाकीचे अर्धे नियम लागत नाहीत. आणि कुणाला परत फिरायचं असेल तर सांगून फिरायचं. न सांगता खाली जाऊन चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला वर चार जण हाका मारत शोधत असतात. तो चार घोटांत चहा संपवतो, यांचा अख्खा दिवस जातो.

अशा चालीला किल्ले फार सोयीचे पडतात, आणि त्याचं कारण मला नेहमी मजेचं वाटत आलंय. गड बांधणाऱ्यांची सारी अक्कल एकाच गोष्टीवर खर्च झाली होती: वर येण्याच्या वाटा कमीत कमी असाव्यात आणि ज्या असतील त्या आपल्या नजरेखालून, दरवाज्यातून जाव्यात. कडे तासले, बुरूज बांधले, दरवाजे वळणांत लपवले. शत्रूला एका रांगेत आणण्यासाठी केलेला हा बंदोबस्त आज आमच्या विस्कळीत मंडळींना एकत्र ठेवतो. वाट एक, दरवाजा एक, वर पाण्याची टाकी, सावलीला एखादं देऊळ. कुणी तासात येईल, कुणी अडीच तासांत. चुकून भलतीकडे जाण्याची शक्यता कमी.

पुस्तिकेत पहिली वाट लोहगडची ठेवली आहे ती म्हणूनच. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं आणि भाजे गावाकडे निघायचं. गावाजवळ पायऱ्या चढून गेलं की भाज्याची लेणी लागतात, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या, आतल्या बाजूला झुकलेले खांब. ज्यांना एवढंच पुरे असेल त्यांनी इथं दोन तास बसावं, त्यांची भटकंती पूर्ण झाली. पुढे गायमुख खिंड. खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. लोहगडला पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दरवाज्यांची साखळी ओलांडत माणूस वर जातो. वर गेल्यावर विंचूकाट्यापर्यंत जायचं की दर्ग्यापाशी वारा खात बसायचं, ज्याचं त्यानं ठरवावं. पाय शिवशिवणाऱ्यांसाठी विसापूर आहे: लोहगडापेक्षा उंच, पठार अफाट, तटबंदी लांबच लांब, आणि पावसाळ्यात चढताना पायऱ्यांवरून धो धो वाहणारं पाणी. एकाच लोकलनं आलेली माणसं तीन वेगवेगळे दिवस घालवतात आणि संध्याकाळी एकाच फलाटावर भेटतात. वाट निवडताना आम्ही पहिल्यांदा हेच पाहतो. ती किती अवघड आहे हे नंतर. ती किती ठिकाणी समाधानानं सोडता येते हे आधी.

राजगड याच कारणासाठी आवडता. गुंजवण्याकडून चोरदरवाजानं या किंवा पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी या, पद्मावती माचीवर सगळ्यांची गाठ पडते. तिथून सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला अशा तीन दिशांना तीन तऱ्हेची चाल आहे. ज्याला बालेकिल्ल्याचा कातळ नको वाटतो तो संजीवनीच्या चिलखती तटबंदीतून हिंडून येतो, आणि मला विचाराल तर जास्त काही पाहून येतो. राजमाची वेगळ्या कारणानं घेतली आहे. लोणावळ्याकडून अंतर बरंच, पंधराएक किलोमीटर, पण चढ बेताचा. कोकणातल्या कोंदिवड्याकडून अंतर कमी, चढ मात्र अंगावर येणारा. दम पुरतो पण पाय दुखतात असे लोक असतात, आणि उलटेही असतात. आपण कुठले, हे या दोन वाटांनी बरोबर कळतं.

काही प्रसिद्ध वाटा मुद्दाम गाळल्या आहेत. कात्रज ते सिंहगड हा पुण्यातल्या तरुणांचा जुना हट्ट. टेकडीमागून टेकडी, चढ-उतार, चढ-उतार, वाटेत पाण्याची सोय नाही, आणि बहुतेक जण ती रात्री करतात. अंधारात पांगलेला गट म्हणजे गटच नव्हे. तिथं सगळ्यांनी एकमेकांना धरून चालायला हवं, म्हणून ती आमच्या प्रकारात बसत नाही. कळसूबाई मनात होती. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, कुणाला नको असतं? पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते आणि रांगेत आपापली चाल वगैरे काही राहत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी जाणार असाल तर जरूर जा. लोहगड-राजगडाबाबतही ही भीती आहेच; 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हे दोन्ही आहेत, आणि पावसाळी रविवारी लोहगडच्या पायऱ्यांवर आधीच पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आमची लोहगडची तारीख ऐन पावसाळ्यात कधीच नसते. सोनकी फुलल्यावर, पाऊस ओसरताना जातो.

वेळेचा हिशेब नवख्यांना नेहमी चकवतो, कारण शहरात आपण अंतर मोजतो आणि डोंगरात उंची मोजावी लागते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक ठोकताळा दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. सिंहगडावर तो लावून पाहा. आतकरवाडीतून पायवाट तीन किलोमीटरही भरत नाही. पण चढ सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोन हजार फूट. चालण्याचा अर्धा तास, चढण्याचा एक तास, मिळून दीड. पुण्यातल्या रविवारच्या नेहमीच्या गडकऱ्यांना हा आकडा हास्यास्पद वाटेल, नवख्याला तोच अशक्य वाटेल. नेस्मिथचा हिशेब धडधाकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. त्यात आपलं ऊन नाही, दमटपणा नाही, घसाऱ्यावरचं एक पाऊल पुढे दोन मागे नाही. आम्ही त्याची दीडपट धरतो, वर विसाव्यांचे वेगळे धरतो, आणि त्यावरून परत फिरण्याची वेळ आदल्या दिवशीच ठरवून टाकतो. ही वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी खाली वळायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. माथा दिसत असताना वळणं जड जातं, म्हणूनच ती वेळ वर जाऊन ठरवायची नसते.

आपली चाल म्हणजे कोणती, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. साधी खूण आहे: बोलत चालता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त झाला. पहिल्या वीस मिनिटांत बहुतेक सगळे चुकीच्या वेगानं चालतात. सकाळची हवा, नवे बूट, पुढच्याचा उत्साह. म्हणून आमचा पुढचा माणूस सुरुवातीला इतका सावकाश निघतो की नव्या मुलांना हसू येतं. तिसऱ्या विसाव्यापर्यंत ते हसू थांबतं.

गावांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तिकांत हा भाग नेहमी एका ओळीत उरकतात. पायथ्याच्या किंवा माचीवरच्या वाड्यांत आता घरगुती जेवण मिळतं: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, नशिबात असेल तर ताक. ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. दहा जणांचं सांगून सहा जणांनी जाणं हा सरळ नुकसानीचा व्यवहार आहे. पीठ मळलेलं असतं, भाकऱ्या थापलेल्या असतात. आपापल्या चालीनं येणाऱ्या मंडळींचा चुलीपाशी बसलेल्या मावशींना खरा ताप होतो, कारण कुणी बाराला येतं, कुणी अडीचला, आणि प्रत्येकाला भाकरी गरम हवी असते. म्हणून जेवणाची वेळ एकच सांगायची आणि लवकर पोहोचणाऱ्यांनी पडवीत निमूट बसायचं. पैसे सांगितलेल्या माणसांचे द्यायचे, आलेल्यांचे नव्हे. घासाघीस करायची नाही. आणि वाटाड्या म्हणून आलेल्या मामांना ‘अजून किती?’ असं विचारायचं नाही. ते ‘हे काय, इथंच’ म्हणतात, आणि त्यांच्या पायांच्या हिशेबानं ते खरंही असतं.

बूट, पाणी, औषधं यांची माहिती आत आहे. दोनच गोष्टी इथं सांगतो, कारण पांगलेल्या गटाला त्या जास्त बाधतात. पहिली आग्या मोहोळं. कड्यांच्या कपारींत ती असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांनी उठतात, आणि पुढे गेलेल्यांनी उठवलेल्या माश्या मागून निवांत येणाऱ्यावर तुटून पडतात. तेव्हा मोहोळ दिसलं की पुढच्यानं मागच्यापर्यंत निरोप पोहोचवायचा आणि तोंड मिटून जायचं. दुसरी ओढे. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार केलेला ओढा वर घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या सरींनी दुपारी कमरेएवढा होऊ शकतो, आपल्या डोक्यावर थेंब पडलेला नसतानाही. ओढा हा सक्तीचा विसावा: सगळे जमा झाल्याशिवाय पहिल्यानंही पाण्यात पाय घालायचा नाही, आणि पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं तर कुणीच नाही. अशा वेळी अलीकडच्या गावात मुक्काम पडतो. सोमवारी ऑफिसला दांडी होते. होऊ दे.

मंडळातले तगडे लोक या पद्धतीवर अधूनमधून कुरकुरतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही: दिवसभरात त्यांचा वाट पाहण्यात बराच वेळ जातो, घाम वाळून थंडी वाजते, लय मोडते. त्यांच्यासाठी महिन्यातला एक रविवार वेगळा ठेवला आहे, त्याच्या वाटा पुस्तिकेच्या शेवटी आहेत. गंमत अशी की त्यातलेच काही जण उरलेल्या रविवारी मागचा माणूस व्हायला स्वतःहून पुढे येतात. विचारलं तर म्हणतात, मागून चाललं की डोंगर दिसतो. मला वाटतं यात थोडा त्या शेवटच्या माणसाच्या गप्पांचाही भाग असावा. मागे राहणारे लोक गप्पिष्ट असतात, किंवा गप्पिष्ट असल्यानं मागे राहतात.

वाटांना आम्ही सोपी-मध्यम-कठीण अशा चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. त्याऐवजी प्रत्येक वाटेखाली एकूण चढ, पाण्याच्या जागा, विसावे आणि मध्येच सोडून परतण्याची ठिकाणं दिली आहेत. हे शेवटचं आधी वाचा. पहिल्यांदा येणाऱ्यांनी लोहगड किंवा राजमाचीची लोणावळ्याकडची वाट घ्यावी, माणशी किमान दोन लीटर पाणी आणावं, मार्चनंतर तीन, नवे बूट आठवडाभर घरात घालून मऊ करावेत, आणि नाव नोंदवताना आपला दमा, रक्तदाब, गुडघे यांच्याबद्दल पुढच्या माणसाला नाही तरी मागच्या माणसाला जरूर सांगून ठेवावं.